मशिदीच्या कारपार्कमधली एल-प्लेट

शेफील्डमध्ये आमच्या घरापासून दोन रस्ते सोडून सोमाली लोकांची एक मशीद होती. मशीद म्हटल्यावर घुमट, मिनार असलं काही डोळ्यांसमोर आणू नका. तिथे पूर्वी स्नूकर क्लब होता. लाल विटांची बसकी दुमजली इमारत आणि मागे ऐसपैस कारपार्क. स्नूकरची टेबलं गेली, पण त्यांच्यावर टांगलेले लांबलचक दिवे बरेच दिवस तसेच खाली लोंबत होते आणि नमाजाला उभ्या राहणाऱ्या उंच पुरुषांची डोकी त्यांच्यावर आपटायची. दारावरची ‘मेंबर्स ओन्ली’ ही पितळी पाटीसुद्धा काढायचं कुणाला सुचलं नव्हतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. नवरा तिथल्या हॉस्पिटलमध्ये भूल देणारा डॉक्टर. मुलं शाळेत जायला लागल्यावर मी हट्टाने ड्रायव्हिंग इन्स्ट्रक्टरची परीक्षा दिली, पास झाले, आणि इन्स्ट्रक्टरच्या पायाशी वेगळा ब्रेक असलेली एक छोटी लाल गाडी घेतली. गाडीच्या टपावर माझ्या नावाची पाटी लावली. अडचण एवढीच होती की शिकायला कुणी येत नव्हतं. फोन यायचे, माझा ॲक्सेंट ऐकून पलीकडचा आवाज गोड व्हायचा आणि ‘आय विल रिंग यू बॅक, लव्ह’ म्हणून फोन बंद व्हायचा. नवरा म्हणायचा, “माझे पेशंट येऊन झोपतात तरी. तुझे येतच नाहीत.”

एका शुक्रवारी दुपारी अशीच रिकामी हिंडत होते. डबा खायला म्हणून त्या मशिदीच्या मोकळ्या कारपार्कमध्ये गाडी लावली. बटाट्याची भाजी पोळीत गुंडाळून दोन घास खाते न खाते तोच गाड्या यायला लागल्या. समोर एक, मागे दोन, उजवीकडे एक व्हॅन. शुक्रवारची मोठी नमाज हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पाच मिनिटांत माझी लाल गाडी चारही बाजूंनी अशी कोंडली गेली की दार उघडायचीही सोय राहिली नाही. मग काय, बसले खात.

नमाज संपली तशी काचेवर टकटक झाली. बाहेर एक उंच बाई उभी होती. पन्नाशीची, अंगभर नारिंगी ओढणी, चेहरा असा की रस्त्यावरच्या पोलिसानेही आपणहून बाजूला व्हावं. त्यांनी आधी टपावरची पाटी वाचली, मग मला न्याहाळलं, मग माझ्या पोळीकडे पाहिलं.

“तू शिकवतेस?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“बायकांना?”

“कुणालाही.”

“मी उद्या येते,” त्या म्हणाल्या आणि मागच्या व्हॅनवाल्याला अशी काही हाक मारली की त्याने बिचाऱ्याने जोडे घालायच्या आधी गाडी काढली.

मशिदीत सगळे त्यांना ‘एद्दो’ म्हणत. सोमालीत एद्दो म्हणजे वडिलांची बहीण. हे कळल्यावर मी मनातल्या मनात त्यांना आत्याबाईच म्हणायला लागले. इंग्रजीत तू आणि तुम्ही यांत फरक नाही. पण त्यांच्याशी इंग्रजी बोलतानाही माझ्या डोक्यात ‘तुम्ही’ असायचं आणि त्या मात्र मला खुशाल ‘तू’ म्हणताहेत हे मला स्पष्ट ऐकू यायचं.

दुसऱ्या दिवशी त्या ठरल्या वेळी कारपार्कमध्ये हजर होत्या. मात्र एकट्या नव्हत्या. सोबत मशिदीच्या कमिटीतले एक वयस्क गृहस्थ होते. त्यांना सगळे ‘अदीर’, म्हणजे काका म्हणत. काका तरुणपणी बोटीवर खलाशी होते, नंतर उरलेलं आयुष्य शेफील्डच्या पोलादाच्या कारखान्यात काढलं होतं. डोक्यावर विणलेली टोपी, गळ्यात टाय, अंगात कोट. त्यांनी पहिलंच वाक्य टाकलं: “ही भिंत बघितलीत? नवीन आहे. गेल्या महिन्यात आम्ही स्वतः बांधली.”

“छान आहे,” मी म्हणाले.

“ती छानच राहायला हवी.”

आत्याबाई म्हणाल्या, “अदीर, मी भिंतीवर नाही, रस्त्यावर गाडी चालवायला शिकणार आहे.”

“मग रस्त्यावर शिक. हा कारपार्क नमाजाला येणाऱ्यांसाठी आहे.”

“आणि मी काय इथे स्नूकर खेळायला येते?”

हा वाद सोमालीत शिरला तेव्हा माझा धागा सुटला, पण भावार्थ कळायला अडचण नव्हती. हळूहळू आतून आणखी चार माणसं आली, वरच्या मजल्यावरच्या खिडकीत बायका जमल्या, कुणीतरी चहा आणला. मला वाटलं, धर्माचं काहीतरी आडवं येतंय, आपण निघावं. पण शेजारी उभ्या असलेल्या तरुणाने मला भाषांतर करून सांगितलं, तेव्हा कळलं की बायकांनी गाडी चालवण्याबद्दल कुणाचंच काही म्हणणं नव्हतं. भांडण पार्किंगचं होतं. व्हॅन कुठे लावायची, ओळी आखायच्या का, आणि भिंतीला ओरखडा पडला तर पुन्हा सिमेंट कोण कालवणार.

शेवटी इमाम आले. तिशीचा, हळू आवाजात बोलणारा माणूस. त्यांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि निकाल दिला: नमाजाच्या वेळा सोडून कारपार्क वापरायला हरकत नाही. गर्दी पांगल्यावर ते माझ्याजवळ आले आणि आणखी हळू आवाजात म्हणाले, “तुम्ही रिव्हर्स पार्किंग पण शिकवता का? लायसन्स आहे माझ्याकडे. पण मागे जाताना... गाडी माझं ऐकत नाही.”

अशी माझी शिकवणी सुरू झाली, आणि तिच्याबरोबर आमच्या घराचं घड्याळही बदललं. मी नमाजाच्या वेळांचा कागद फ्रिजवर लावला. उन्हाळ्यात लेसनला भरपूर वेळ मिळायचा. डिसेंबरात मात्र सूर्य नावापुरताच उगवतो, त्यामुळे दुपारच्या दोन नमाजा एकमेकींच्या इतक्या जवळ यायच्या की मधल्या वेळात गाडी जेमतेम तापायची. नवरा फ्रिजसमोर उभा राहून म्हणायचा, “आज जेवण कुठल्या नमाजेनंतर?”

आत्याबाईंना गाडीतलं सगळं पटकन समजलं. फक्त क्लच समजला नाही. क्लच त्या एकदम सोडायच्या, गाडी बेडकासारखी उडी मारायची आणि बंद पडायची. बाइटिंग पॉइंट, म्हणजे इंजिन जिथे चाकांना पकडतं ती जागा, हे मी चित्रं काढून सांगितलं, हातवारे करून सांगितलं. काही उपयोग नाही. बाराव्यांदा की पंधराव्यांदा गाडी बंद पडल्यावर त्यांनी स्टिअरिंगवर हात ठेवले आणि म्हणाल्या, “चल, आधी खाऊ.”

मशिदीचं स्वयंपाकघर म्हणजे क्लबचा जुना बार. बिअरचे नळ काढून तिथे गॅसच्या शेगड्या बसवल्या होत्या. दोन बायका आंबवलेल्या पिठाची धिरडी घालत होत्या. त्याला त्या ‘अनजेरो’ म्हणतात. मी बघतच राहिले. ते पीठ, तो वास, तवा, पळीने गोल गोल फिरवणं. ही तर आमची आंबोळी! फक्त नारळाच्या चटणीऐवजी सोबत तूप आणि साखर.

“उलटत नाही का?” मी विचारलं.

“नाही,” आत्याबाई म्हणाल्या. “वाट बघायची. वर भोकं पडली की झाकण. आधी झाकलं तर कच्चं, उशीर झाला तर कडक.”

“आत्याबाई,” मी इंग्रजीत म्हणाले, अर्थात एद्दो म्हणाले, “क्लच तसाच. पाय हळूहळू वर आणायचा आणि वाट बघायची. भोकं पडली की मग सोडायचा.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की इतके दिवस हे सांगायला काय झालं होतं. त्यानंतर गाडी क्वचितच बंद पडली. आम्ही दोघी लेसनभर आंबोळीच्याच भाषेत बोलायचो. इंजिनाचा आवाज बदलला की मी ओरडायचे, “पडली भोकं!” आणि गाडी लोण्यासारखी पुढे सरकायची. एकदा मागच्या सीटवर बसलेल्या इमामांनी, जे आपल्या रिव्हर्सची पाळी यायची वाट बघत होते, काळजीने विचारलं, “कशाला भोकं पडली?”

दुसरी अडचण होती नमस्कारांची. मोठ्या रस्त्यावर आल्यावर आत्याबाईंना ओळखीचं माणूस दिसलं की त्या गाडी थांबवायच्या. कडेला नाही, जिथे असतील तिथे. काच खाली. मग तू बरा आहेस का, घरचे बरे आहेत का, गावाकडून काही कळलं का. पलीकडचाही तेवढ्याच निवांतपणे उत्तरं द्यायचा. मागे बस उभी. मी खुणा करत्येय, पाय दुसऱ्या ब्रेकवर. शेफील्डच्या बस ड्रायव्हरांना मात्र मी आयुष्यभर दुवा देईन. एकाने खिडकीतून डोकं काढून एवढंच म्हटलं, “टेक यर टाइम, लव्ह.” आणि आत्याबाईंनी खरंच वेळ घेतला.

“तुम्हाला सगळं शहर ओळखतं,” मी एकदा वैतागून म्हटलं.

“शहर नाही. मशीद,” त्या म्हणाल्या. “इथे उतरलेल्या प्रत्येकाचा पहिला पत्ता मशीद. घर कुठे मिळेल, मुलाची शाळा कुठली, आईची काही बातमी आहे का, सगळं तिथे विचारायचं. मी थांबले नाही तर बातमी कशी पोचणार?”

तेव्हा त्यांच्या देशात युद्ध चालू होतं. बातमीचा अर्थ काय, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट कळलं. त्यांनीही मग आपणहून सांगितलं. गावात त्यांचं कापडाचं दुकान होतं. बॉम्ब पडायला लागले तेव्हा मुलांना घेऊन त्या सरहद्दीपर्यंत चालत गेल्या. अंगावर धूळ उडवत गाड्या बाजूने निघून जायच्या, एकही थांबायची नाही.

“तेव्हाच ठरवलं,” इंडिकेटर नीट देऊन डावीकडे वळत त्या म्हणाल्या. “पुन्हा कधी निघावं लागलं तर मी पायी जाणार नाही. आणि वाटेत कुणी दिसलं तर थांबेन.”

त्यानंतर त्यांच्या थांबण्यावर मी रागावले नाही. फक्त ‘कडेला, एद्दो, कडेला’ एवढंच शिकवत राहिले.

मग ती ईद आली. रमजान संपून वसंतातली ओली, गार सकाळ होती. माणसं इतकी वाढली होती की मशिदीत मावणं शक्य नव्हतं, म्हणून ईदच्या नमाजासाठी टेकडीवरच्या एका शाळेचा हॉल घेतला होता. मला आत्याबाईंनी जेवायला बोलावलं होतं आणि जाताना त्यांनाच गाडी चालवायची होती. मी साडी नेसून पोचले तर कारपार्कमध्ये गोंधळ. काकांची गाडी चालू होत नव्हती. काकांच्या हातात होता लाउडस्पीकरचा ॲम्प्लिफायर आणि गळ्यात मायक्रोफोनची वायर. तो वर पोचल्याशिवाय मागच्या रांगांना इमामांचा शब्दही ऐकू जाणार नव्हता. बाकीच्या गाड्या मुलाबाळांनी गच्च भरलेल्या. रिकामी जागा एकाच गाडीत होती, आणि तिच्यावर पुढे-मागे लाल अक्षरात शिकाऊ ड्रायव्हरचा ‘एल’ लिहिलेला होता.

काकांनी गाडीकडे पाहिलं, मग आकाशाकडे.

“बसा, अदीर,” आत्याबाई ड्रायव्हरच्या सीटवरून म्हणाल्या.

काका मागे बसले. मांडीवर ॲम्प्लिफायर. शेजारी फडक्यात बांधलेलं भाताचं भलंमोठं पातेलं, ते कलंडू नये म्हणून त्याच्याभोवती काकांचा एक हात. सगळ्यांच्या पुढे आम्ही निघालो, कारण बाहेर पडायच्या तोंडाशी आमचीच गाडी होती. मागे सगळ्या मशिदीच्या गाड्या. आत्याबाई ताशी वीस मैलांच्या वर जाईनात. मागच्यांपैकी कुणीही त्यांना ओव्हरटेक करेना. एद्दोला मागे टाकायचं धाडस कोण करणार? आमची ती वरात शेफील्डच्या रस्त्यांवरून इतक्या गंभीरपणे चालली होती की फुटपाथवरच्या एका म्हाताऱ्या साहेबाने अंत्ययात्रा समजून टोपी काढली. आत्याबाईंनी काच खाली करून त्याला ईद मुबारक म्हटलं.

टेकडीचा चढ लागला आणि अगदी चढाच्या मध्यावर सिग्नल लाल झाला. ज्यांनी शेफील्ड पाहिलं नाही त्यांना सांगते, तिथले काही रस्ते घसरगुंडीला लाजवतील असे आहेत. गाडी थांबली. हँडब्रेक. मागे अगदी चिकटून इमामांची गाडी, तिच्यात त्यांची बायको आणि चार मुलं. माझा पाय माझ्या ब्रेकवर गेला.

“टीचर, तुझा पाय काढ,” समोरची नजर न हलवता आत्याबाई म्हणाल्या.

“नुसता ठेवलाय.”

“मला कळतं. काढ.”

मी काढला. मागून काकांची प्रार्थना ऐकू यायला लागली. ॲटलांटिकमधली वादळं पाहिलेला माणूस, पण आता पातेल्याला दोन्ही हातांनी मिठी. सिग्नल हिरवा झाला. आत्याबाईंनी हँडब्रेक सोडला आणि गाडी मागे सरकली. थोडीशीच, पण पातेल्यातला भात हलला, काकांची प्रार्थना वरच्या पट्टीत गेली आणि आरशात मला इमामांचे डोळे दिसले. रिव्हर्स जमत नसलेला माणूस आता काय करणार? पाय ब्रेककडे जायला निघालाच होता. तेवढ्यात इंजिनाचा आवाज बदलला. जड झाला. गाडीचं नाक किंचित वर उचललं गेलं.

“पडली भोकं,” आत्याबाई शांतपणे म्हणाल्या, आणि आम्ही वर निघालो.

मागे सगळ्या गाड्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. इंग्लंडात असा हॉर्न म्हणजे शिवी, पण त्या सकाळी अख्खा चढ लग्नघरासारखा वाजत होता. हॉलपाशी पोचल्यावर काका उतरले, कोट झटकला, ॲम्प्लिफायर कुणाच्या तरी हातात दिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, “परत जाताना मी हिच्याच गाडीत बसेन. पातेलं रिकामं असेल, तेवढी जागा होईल.”

नमाज झाल्यावर बायकांच्या बाजूला मला ताटात भात, मटण आणि त्या भातावर एक आख्खं केळं मिळालं. मला वाटलं, गोड शेवटी खायचं असेल, म्हणून बाजूला ठेवलं. सगळ्या हसायला लागल्या. केळं भाताबरोबरच खायचं, घासाघासाला. मी शिकरणीवर वाढलेली बाई, तरी मटणाच्या भाताबरोबर केळं म्हटल्यावर थबकले. पण खाल्लं, आणि दुसरं मागून घेतलं.

पुढच्या आठवड्यात काकांनी मला मशिदीच्या दाराशी थांबवलं. “माझ्या बायकोला शिकवाल का?” आणि लगेच घाईने, “मी नाही म्हणत. तीच म्हणतेय.” त्यानंतर वर्षभर मला डबा खायलाही सवड मिळाली नाही. घरचा फोन कोण उचलतंय यावरून भांडणं व्हायला लागली. काका स्वतः कारपार्कमध्ये पांढऱ्या रंगाने ओळी आखून देत होते, शिकणाऱ्या बायकांना खलाशाच्या थाटात ‘हार्ड लेफ्ट! हार्ड लेफ्ट!’ ओरडत होते. इमामांचं रिव्हर्स पार्किंगही सुधारलं, म्हणजे निदान त्यांची गाडी आता दोनच ओळींत उभी राहायची.

आत्याबाई पहिल्या टेस्टला नापास झाल्या. का, ते सांगायला नकोच. चौकाच्या मधोमध त्यांना मावसभावाची सून दिसली. परीक्षकाने कारण सांगितलं तेव्हा त्यांनी त्यालाच विचारलं, “तुझी सून दिसली असती तर तू काय केलं असतंस?” दुसऱ्या वेळी मी देवाला हात जोडून सगळ्या मशिदीत निरोप पाठवला की त्या दुपारी कुणीही रस्त्यावर यायचं नाही. सगळ्यांनी ऐकलं. आत्याबाई पास झाल्या. मशिदीत पेढ्यांसारखा हलवा वाटला गेला आणि पहिला तुकडा काकांनी मला दिला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी त्यांनी एक जुनी, मोठी, निळी गाडी घेतली आणि शहराच्या टोकाला नव्याने झालेल्या शॉपिंग सेंटरला पहिल्यांदा एकट्या गेल्या. संध्याकाळी मी भाकरी भाजत असताना फोन वाजला.

“टीचर, या रस्त्यावर परत कुठून फिरायचं?”

“कुठल्या रस्त्यावर?”

“मोठ्या. तीन लेनच्या. मघापासून मी सरळच चाललेय. कुणी थांबतही नाही, कुणी समोरून येतही नाही. फार छान रस्ता आहे.”

माझ्या हातातली भाकरी तशीच राहिली. शॉपिंग सेंटरच्या राउंडअबाउटवर चुकीचा फाटा घेऊन त्या मोटरवेवर चढल्या होत्या. तेव्हा शिकाऊ ड्रायव्हरला मोटरवेवर न्यायची परवानगीच नव्हती, त्यामुळे त्याबद्दल मी त्यांना काही म्हणजे काही शिकवलं नव्हतं. आता त्या दक्षिणेला तास-दीड तासावरच्या लेस्टरच्याही पुढे, मोटरवेच्या कडेच्या एका सर्व्हिस स्टेशनमधल्या फोनवरून बोलत होत्या.

“एद्दो, घाबरू नका,” मी घाबरून म्हणाले. “पुढच्या जंक्शनला डावीकडे बाहेर पडा, पुलावरून पलीकडे जा, ‘नॉर्थ’ लिहिलेलं दिसेल.”

“आणि साउथला काय आहे?”

“साउथला लंडन.”

त्यांच्या मागे चमच्यांचा आणि कपांचा आवाज येत होता.

“लंडनला माझी बहीण आहे,” त्या म्हणाल्या. “दोन वर्षं झाली, भेटलो नाही. टाकी भरलेली आहे. तू असं कर, मशिदीत सांग की मी रविवारी येते. आणि अदीरना सांग, माझी गाडी मोठी आहे, भिंत वाचवायची असेल तर कारपार्कचं गेट जरा रुंद करून ठेवा.”

मी भाकरी नवऱ्याच्या हवाली केली आणि पायात चपला अडकवून निरोप सांगायला मशिदीत गेले. संध्याकाळची नमाज नुकतीच संपली होती. काकांनी सगळं ऐकून घेतलं, टोपी काढून डोकं खाजवलं आणि मोजपट्टी आणायला आत गेले.